परसातील कोंबडी अंडी देणे थांबविते तेव्हा

आठवडे बाजारात पाय बांधून विक्रीस आणलेल्या कोंबड्यांमध्ये, अंडी देणे थांबविले एवढ्याच कारणाने आणलेल्या कोंबड्या नेहमी आढळतात. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांत अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतात आणि तेल-मीठ किंवा मुलांच्या वह्या यांसाठी खर्च होतात. कोंबडी विकली गेली की हे उत्पन्न संपते. वास्तविक, यांतील अनेक कोंबड्या महिना-दोन महिन्यांत पुन्हा अंड्यावर आल्या असत्या.

म्हणून प्रथम कोंबडी हातात घेऊन तपासावी. अंडी देणाऱ्या कोंबडीचा तुरा लालभडक, मऊ व उबदार असतो. तिचे अंडी घालण्याचे द्वार रुंद व ओलसर असते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन ते तीन बोटे सहज मावतात. तुरा आक्रसलेला, द्वार कोरडे आणि हाडांमध्ये जेमतेम एका बोटाचे अंतर असेल, तर अंडी खरोखरच थांबली आहेत असे समजावे. पहिल्या प्रकारची लक्षणे असूनही अंडी मिळत नसतील, तर शोध कोंबडीत न घेता परिसरात घ्यावा. मोकळी हिंडणारी कोंबडी कडब्याच्या गंजीत किंवा कुंपणाच्या आडोशाला आपले घरटे करते. कित्येकदा अंडी मुंगूस, घूस किंवा साप फस्त करतात आणि दोष मात्र कोंबडीच्या माथी येतो. तिला सकाळी दहा-अकरा वाजेपर्यंत खुराड्यात ठेवल्यास हा उलगडा दोन-तीन दिवसांत होतो.

देशी कोंबडीच्या बाबतीत अंडी थांबण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे ती खुडूक होणे. हा रोग नव्हे. बारा-पंधरा अंडी घातल्यावर शरीरातील प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, अंडाशय विसावते आणि कोंबडी अंगाची पिसे फुलवून घरट्यात बसून राहते. २१ दिवस उबवण, त्यानंतर पिलांमागे दीड-दोन महिने, असा तिचा क्रम असतो. एका फेरीस असे तीन-चार महिने जात असल्याने वर्षाकाठी तीन-चार फेऱ्याच होतात. देशी कोंबडीची वार्षिक अंडी साधारणतः ५० ते ७० च्या घरात राहतात, ती यामुळेच. पिले हवी असतील तर तिला बसू द्यावे. या कामी तिच्याइतके स्वस्त यंत्र दुसरे नाही. पिले नको असल्यास तिला घरट्यातून काढून, खालून वारा लागेल अशा फटींच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणा-पाण्यासह ठेवावे. कोठे तिला पाण्यात बुडवितात, कोठे नाकपुडीत पीस खोवतात. या दुसऱ्या प्रकाराने पक्ष्याला केवळ यातना होतात. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित कोंबड्या क्वचितच खुडूक होतात. त्या अंडी अधिक देतात, परंतु ती उबविण्यासाठी देशी कोंबडी किंवा उबवणी यंत्र लागते. योजनेतून पक्षी वाटताना ही बाब लाभधारकांना आधीच सांगितलेली बरी.

वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे गाळून नवी धारण करते. पीस हे जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांचे असते. अंगावरील प्रथिने तिकडे खर्ची पडत असता अंडी बंद राहतात. हा काळ दोन-तीन महिन्यांचा असतो. विस्कटलेल्या, ओंगळ दिसणाऱ्या अशा कोंबडीला हमखास आजारी समजले जाते.

दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो, कारण अंडाशयाला चेतना प्रकाशामुळे मिळते. तथापि पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. थंड देशांत हिवाळ्यात अंडी जशी जवळजवळ बंद होतात, तसे येथे सहसा घडत नाही. महाराष्ट्रात अधिक जाच होतो तो उन्हाळ्याचा. विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कोंबडी चोच उघडून धापा टाकते, खाणे कमी करते. धापांबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन कवच पातळ पडते. अंड्याच्या आतील भागात सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असते. भर दुपारी पाण्याचे भांडे काही तास कोरडे राहिले तरी अंडी घटतात. झाडाच्या सावलीत मातीच्या पसरट परळात पाणी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

खाद्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. पोटभर दाणा खाणारी कोंबडी उपाशी नसते, हे खरे. पण अंड्यावरील कोंबडीच्या आहारात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात आणि ज्वारीत ती सुमारे १० टक्केच असतात, तांदळाच्या कणीत त्याहूनही कमी. ही उणीव उकिरड्यावरील किडे, वाळवी, पेंड, किनारपट्टीवर सुकट अशा पदार्थांनी भरून निघते. एका अंड्याच्या कवचासाठी दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. त्याकरिता शिंपल्यांचा किंवा भाजलेल्या अंड्याच्या टरफलांचा भुगा वेगळ्या वाटीत ठेवावा.

खुराड्याच्या फटींत दडून रात्री रक्त पिणारे बारीक लाल कीटक हेही एक छुपे कारण आहे. रात्री कंदील घेऊन फटी पाहिल्याखेरीज ते सापडत नाहीत. खुराडे उन्हात टाकून फटी उकळत्या पाण्याने धुवाव्यात; कोंबड्यांना लोळण्यासाठी राख-मातीचा खड्डा ठेवावा.

एकट्यादुकट्या कोंबडीने अंडी थांबविली तर घाई नको; परंतु अनेक घरांतील कोंबड्यांची अंडी एकाच आठवड्यात घटली, वेडीवाकडी वा बिनकवचाची येऊ लागली आणि काही पक्षी दगावले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविले पाहिजे. हा मानमोडी म्हणजे राणीखेत रोग असू शकतो, किंवा बर्ड फ्लूही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर परिसरात त्याचा अनुभव आलाच. राणीखेतची लस उपलब्ध आहे. मात्र तिच्या कुपीत साधारणतः १०० किंवा अधिक मात्रा असतात आणि द्रावण तयार केल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्या असलेल्या घराने एकट्याने लस आणणे त्यामुळे परवडत नाही. ग्रामपंचायतीने दवाखान्याशी ठरवून उन्हाळ्यापूर्वी एक दिवस निश्चित केला आणि आदल्या संध्याकाळी दवंडी देऊन पक्षी पहाटे खुराड्यातच ठेवण्यास सांगितले, तर वाडी-वस्तीसह सारे गाव सूर्य वर येण्याच्या आत उरकते.