कवचबीज चूर्णाची साठवण व हाताळणी



कपिकच्छू, आत्मगुप्ता, मर्कटी या नावांनी आपल्या ग्रंथांत वर्णिलेली वनस्पती म्हणजे आपल्याकडील खाजकुयली. किनवट परिसरातील जंगलात पावसाळ्यात हिचा वेल झाडाझुडपांवर चढतो व हिवाळ्यात शेंगा पक्व होतात. तिची बीजे, म्हणजेच कवचबीज, वाजीकरण, बल्य व वातशामक म्हणून आपण नित्य वापरतो. परंतु या बीजांचे चूर्ण करून ते डब्यात भरल्यानंतर त्याचे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करण्यास मला भाग पाडणारा अनुभव आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेले एक शेतकरी कंपवातासाठी माझ्याकडे उपचार घेत होते. कवचबीज चूर्ण ३ ग्रॅम, दिवसातून दोन वेळा, दुधासह चालू होते. उन्हाळ्यात त्यांना चांगला उपशय मिळाला. श्रावणात मात्र हाताचा कंप वाढला आणि ताट धरणेही कठीण झाले. व्याधी वाढला असे समजून मी मात्रा दुप्पट केली, तरी विशेष फरक पडला नाही. पुढे डबा संपला. नवीन चूर्ण आणले आणि वाढवलेल्याच मात्रेत दिले. तिसऱ्या दिवशी रुग्णास हृल्लास, छर्दी व उठताना भोवळ येऊ लागली. तेव्हा मी जुन्या डब्याच्या तळाशी उरलेले चूर्ण पाहिले. मूळचे मलईच्या रंगाचे चूर्ण गडद तपकिरी झाले होते व त्याच्या गुठळ्या बनल्या होते. तो डबा चार महिने ओल धरणाऱ्या भिंतीलगत, दिवसातून अनेकदा उघडला जात होता. मात्रा पूर्ववत केल्यावर लक्षणे शमली व पुढे उपशयही मिळाला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. तथापि हीनवीर्य चूर्णावर मात्रा ठरविणे किती धोक्याचे आहे, हे मला त्या दिवशी कळले.

१. द्रव्याचे स्वरूप

कवचबीजातील प्रमुख कार्यकारी घटक लेवोडोपा हा एक अमिनो आम्ल आहे. सन १९१३ मध्ये तो युरोपातील बाकल्याच्या शेंगांतून प्रथम वेगळा करण्यात आला. सन १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी तो कवचबीजातून वेगळा केला. पुढे १९६० च्या दशकात पार्किन्सन व्याधीच्या चिकित्सेत लेवोडोपास मुख्य स्थान प्राप्त झाले. सन २००४ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या तुलनात्मक अभ्यासात आठ रुग्णांवर कवचबीजापासून केलेल्या चूर्णाचा प्रयोग झाला व त्याचा परिणाम प्रचलित औषधाशी तुलना करण्याजोगा आढळला.

वाण, भूमी व पक्वता यांनुसार बीजातील लेवोडोपाचे प्रमाण बदलते. सर्वसाधारणपणे ते ४ ते ६ टक्के धरले जाते. म्हणजे दिवसाकाठी ६ ग्रॅम चूर्ण घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात २४० ते ३६० मिलिग्रॅम लेवोडोपा जातो. बीजातच एवढा फरक असतो; त्यात साठवणीच्या दोषाची भर पडल्यास रुग्णास नेमके काय मिळते हे वैद्यास सांगता येणार नाही.

२. चूर्ण कसे बिघडते

लेवोडोपाचे मुख्य शत्रू चार : ओलावा, हवा, प्रकाश व क्षार. शुद्ध लेवोडोपा ही पांढरी भुकटी असून दमट हवेत ती काळवंडते. प्राणवायूशी संयोग होऊन तिचे गडद रंगद्रव्यात रूपांतर होते. आपल्या त्वचेला व केसांना रंग देणारे द्रव्यही याच मार्गाने तयार होते. लोह व तांबे यांच्या संपर्काने ही क्रिया अधिक वेगाने घडते.

अखंड बीजास टणक कवचाचे संरक्षण असते. कुटून बारीक केल्यावर तेच द्रव्य असंख्य कणांत विभागले जाते व प्रत्येक कणास हवा लागते. त्यातच बीजातील स्नेहांश खवट होतो, ओलाव्यामुळे बुरशी येते व किडे पडतात. बुरशीयुक्त द्रव्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण होण्याचा संभव असतो. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार अफ्लाटॉक्सिन ब-१ ची मर्यादा एक अब्जात २ भाग इतकी अल्प आहे. असे चूर्ण उन्हात वाळवून वा चाळून पुन्हा वापरता येत नाही, कारण बुरशी दिसेनाशी झाली तरी विष शिल्लक राहते.

३. शास्त्राचे मत व कायद्याची मर्यादा

शार्ङ्गधरांनी चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले आहे. चरकांच्या कल्पस्थानात औषधांचे भांडार अग्नी, जल, ओल, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद प्राण्यांपासून सुरक्षित असावे असा उपदेश आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१-ब नुसार मात्र चूर्णाची वापरमुदत उत्पादनापासून दोन वर्षे आहे.

दोन महिने आणि दोन वर्षे यांत विरोध दिसतो, परंतु दोन्ही विधाने निरनिराळ्या अवस्थेस लागू होतात. दोन वर्षांची मुदत कारखान्यात बंद केलेल्या, न उघडलेल्या वेष्टनाची आहे. शार्ङ्गधरांचा काल हा नित्य वापरातल्या, वारंवार उघडल्या जाणाऱ्या चूर्णाचा समजावा. म्हणून माझ्या चिकित्सालयात मी असा नियम केला आहे की, वेष्टनावरील मुदत ही बंद डब्यासाठी आणि उघडल्यापासून दोन महिने ही वापरासाठी. डबा उघडताच त्यावर उघडल्याची तारीख लिहिली जाते.

हा नियम पाळावयाचा तर खरेदीचा हिशेब बदलावा लागतो. रोज ६ ग्रॅम घेणाऱ्या एका रुग्णास महिन्यास १८० ग्रॅम चूर्ण लागते. असे तीन रुग्ण असल्यास ५४० ग्रॅम. सवलतीच्या भावात घेतलेला ५ किलोचा डबा नऊ महिन्यांहून अधिक पुरेल, म्हणजे त्यातील बहुतांश चूर्ण दोन महिन्यांच्या पलीकडे जाईल. अशा वेळी अर्धा किलोची वेष्टने महाग पडली तरी रुग्णाच्या हिताची असतात.

४. स्वतः चूर्ण करणाऱ्यांसाठी

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे, पण गुणवत्तेच्या जबाबदारीतून सूट दिलेली नाही. पुढील दक्षता घ्यावी.

अ) शेंगांवरील लव अत्यंत कंडूजनक असते. शेंगा सोलताना जाड हातमोजे, लांब बाह्यांचे कपडे, चष्मा व नाकातोंडाला मास्क असावा. पंखा बंद ठेवावा. लव अंगाला लागल्यास चोळू नये. चिकटपट्टी लावून ती अलगद ओढून काढावी व नंतर भाग धुवावा. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन रुग्णालयात पाठवावे.

आ) गोदुग्धात स्वेदन करून शोधन केल्यावर कवच काढून बीजे पूर्ण वाळवावीत. दुधाचा अंश राहिलेले अर्धवट वाळलेले बीज बुरशीला आमंत्रण देते. दाताखाली वा खलात बीज कटकन फुटावे. वाकत असल्यास ते वाळलेले नाही. वाळवण सावलीत, वारा खेळता राहील अशा ठिकाणी करावे. उकळण्याने लेवोडोपाचा काही अंश कमी होतो, म्हणून शोधनाचा काल प्रत्येक वेळी सारखाच ठेवावा.

इ) लोखंडी खल व गंजलेली चाळणी टाळावी. स्टेनलेस स्टीलचे पात्र वापरावे. गिरणी तापू लागल्यास थांबावे व थोडे-थोडे दळावे. दळताना मास्क लावावा.

ई) कुटणे शक्य तो कोरड्या ऋतूत करावे. पावसाळ्यात अखंड बीज ठेवावे व लागेल तेवढेच चूर्ण करावे.

५. साठवणीची पद्धत

• गडद रंगाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी अथवा अस्तर असलेली औषधी योग्यतेची प्लास्टिक बरणी वापरावी. बरणी शक्य तेवढी भरलेली असावी, म्हणजे आत हवा कमी राहते.

• बरण्या लाकडी फळीवर, जमिनीपासून वर व भिंतीपासून थोड्या अंतरावर ठेवाव्यात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली भट्टीप्रमाणे तापते. तेथे औषध ठेवू नये.

• शीतकपाटातून काढलेली थंड बरणी लगेच उघडल्यास आत दव धरते. ठेवायचेच असल्यास पूर्ण बंद वेष्टनात ठेवावे व खोलीच्या तापमानास आल्यावरच उघडावे.

• ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी वापरल्यास ती फाटणारी नसावी व रुग्णास देण्याच्या पुडीत ती कधीही जाऊ नये.

• चमचा कोरडा असावा. एक चमचा सर्व बरण्यांत फिरवू नये.

• धान्यात टाकावयाच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या औषधभांडारात वा लगतच्या खोलीत ठेवू नयेत. ओलाव्याने त्यातून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो.

• प्रत्येक घाणीचा थोडा नमुना सीलबंद करून अंधारात ठेवावा. महिन्यातून एकदा वापरातील चूर्ण त्याच्याशी ताडून पाहावे. रंग गडद, वास खवट वा आंबट, बोटांनी दाबल्यावर गुठळी न फुटणारी, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ते चूर्ण बाद करावे. रंग चांगला म्हणजे प्रमाण योग्य असे मात्र समजू नये. ते प्रयोगशाळेच्या परीक्षणानेच कळते.

बाद चूर्ण नव्यात मिसळू नये व गुरांच्या पेंडीतही टाकू नये. नोंद करून नष्ट करावे.

६. औषध देताना

औषधविक्रेत्यांना विशेष विनंती आहे. कवचबीज चूर्ण हे ‘ताकदीची पावडर’ म्हणून मागितले जाते व तसेच दिले जाते. मोझांबिकमध्ये १९८९ साली दुष्काळ व युद्धाच्या काळात हीच बीजे अन्न म्हणून खाल्ल्याने मोठ्या प्रमाणावर तीव्र मानसिक विकृतीचे रुग्ण आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. म्हणून ग्राहकास आधुनिक पार्किन्सनची औषधे, मानसिक विकारांवरील औषधे अथवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत का, हे विचारूनच चूर्ण द्यावे. गर्भिणी व स्तनदा यांना ते परस्पर देऊ नये. चालू असलेली आधुनिक औषधे थांबवून हे चूर्ण घेण्याचा सल्ला कधीही देऊ नये.

रुग्णास एका वेळी पंधरा दिवसांचे, म्हणजे ९० ग्रॅम चूर्ण द्यावे. कागदी पुडीऐवजी झाकणाची डबी द्यावी व तीवर नाव, मात्रा, दिल्याची तारीख व ‘कोरड्या जागी ठेवा’ ही सूचना मराठीत लिहावी. आपल्या भागात पावसाळ्यात चुलीजवळ वा देवघराच्या कोनाड्यात औषध ठेवण्याची सवय आहे. ती रुग्णाच्या घरच्यांशी बोलून बदलावी. नवीन घाणीचे चूर्ण सुरू करताना जुनीच वाढवलेली मात्रा चालू ठेवू नये, रुग्णास आठवड्याने पुन्हा पाहावे.

हल्ली औषधालयांत विविध अमिनो आम्लांच्या व प्रथिनांच्या भुकट्यांचे डबेही विक्रीस असतात. त्यांनाही वरील साठवणीचे नियम लागू आहेत. सुटे करून विकणे, ओला चमचा आणि उन्हातली मांडणी यांनी तेही बिघडतात.

७. समारोप

उपशय न मिळाल्यास आपण निदानाकडे, पथ्याकडे, रुग्णाच्या वागणुकीकडे पाहतो. या यादीत आपल्या फळीवरील बरणीचाही समावेश व्हावा. मात्रा वाढविण्यापूर्वी झाकण उघडून चूर्णाचा रंग व वास पाहावा, बरणीवरील तारीख वाचावी. यास दोन मिनिटे लागतात. ती मी त्या श्रावणात दिली असती, तर एका वृद्ध रुग्णाचा त्रास टळला असता.