आळेफाट्यावरून संगणकाच्या जाळ्याकडे

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते जुन्नर तालुक्यात ज्या ठिकाणी एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्यावर घटकाभर उभे राहिले तरी दळणवळणाचा एक धडा आपोआप मिळतो. ओतूरकडून आलेला भाजीचा टेम्पो, नारायणगावहून आलेली एस.टी., बेल्ह्याच्या बाजारास निघालेला शेतकरी या सर्वांना हाच चौक ओलांडावा लागतो आणि प्रत्येकजण आपापल्या वाटेला लागतो. फाट्यालगतचे आळे हे गाव ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्याचा उल्लेख वेगळ्या कारणाने करावयाचा आहे. संगणकांच्या जाळ्याचे, ज्यास आता सर्वत्र नेटवर्क असेच म्हणतात, प्राथमिक ज्ञान समजावून देण्यास या फाट्याइतके सोयीचे उदाहरण सहसा सापडणार नाही.

हे ज्ञान गावाला कशाला हवे, असा प्रश्न कोणी विचारील. सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला, शिधावाटप दुकानातील अंगठ्याची नोंद, शाळेने भरावयाची माहिती ही सर्व कामे आज तारेवरून चालतात. तार बंद पडली की खिडकीतून एकच उत्तर येते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला मनुष्य मुकाट्याने परत जातो. वस्तुतः या एका वाक्याखाली निदान दहा निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि त्यांपैकी कित्येकांचा दूरच्या सर्व्हरशी काडीचाही संबंध नसतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, दोन दिवस काम ठप्प झाल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. वरिष्ठांकडे दूरध्वनी झाले, तक्रारी नोंदविल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी एक तरुण आला, टेबलाखाली वाकला आणि त्याने तारेचे टोक बदलले. टोकावरील प्लॅस्टिकचा बारीक खटका तुटल्याने तार सैल झाली होती, एवढेच. कला शाखेचा पदवीधर असलेल्या माझ्यासारख्यास त्या वेळी ती जादूच वाटली. पुढे कळले की, बिघाड नेमका कोठे आहे हे क्रमाने शोधून काढण्याची ती एक शिस्त आहे, आणि ती शिकता येते.

दारापर्यंत आलेली तार

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस मान्यता दिली. हीच योजना २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाते. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून विजेऐवजी प्रकाशाचे स्पंद धावतात, आणि काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर असतो.

फायबरचा उत्कृष्ट उपयोग पाहावयास जुन्नरकरांना दूर जावे लागत नाही. आळेफाट्याहून पुण्याच्या दिशेने गेल्यावर नारायणगाव लागते आणि त्याच्या पूर्वेस खोडद. तेथील विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतो. दूरच्या तबकडीचा संकेत जवळच्यापेक्षा काही मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. तो फरक हिशेबात धरून सर्व संकेत एकत्र केले, तरच ३० तबकड्या मिळून एक दुर्बीण होते. कांद्याच्या आणि द्राक्षाच्या शेतांमधून असे जाळे वर्षानुवर्षे चालू आहे. ते चालू ठेवणारी माणसे तेथे नेमलेली आहेत, हा त्यातील महत्त्वाचा भाग.

पंचायतीच्या बाबतीत नेमकी येथेच उणीव राहते. तार दारापर्यंत येते, पण दाराच्या आतील जाळ्याची राखण कोणाकडे सोपविलेली नसते. एम.एस.-सी.आय.टी. उत्तीर्ण झालेला तरुण गावोगाव आढळतो. तथापि त्या अभ्यासक्रमात संगणक वापरावयास शिकवितात. संगणक एकमेकांशी कसे बोलतात हा स्वतंत्र विषय आहे, आणि नेटवर्कचे प्राथमिक प्रमाणपत्र त्याच्यासाठीच असते.

पत्ता, पाटी आणि फाटा

या विषयाचे मूळ पत्त्यात आहे. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केलेला पिनकोड शिक्षकांच्या नित्य परिचयाचा आहे. त्याचे पहिले तीन अंक विभाग, उपविभाग आणि वर्गीकरणाचा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन विशिष्ट टपाल कार्यालय. संगणकाचा आय.पी. पत्ताही असाच दोन भागांचा असतो. पुढचा भाग जाळे सांगतो, मागचा त्या जाळ्यातील यंत्र. फरक इतकाच की, पिनकोडात विभागणीची जागा ठरलेली आहे, तर येथे ती बदलू शकते. ती कोठे आहे हे सबनेट मास्क नावाचा दुसरा आकडा सांगतो. सर्वांत प्रचलित मास्क २५५.२५५.२५५.० हा होय. त्यात २५६ पत्ते बसतात, परंतु पहिला जाळ्याच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव असल्याने यंत्रांना २५४ उरतात. परीक्षार्थीला हे हिशेब कागदावर झटपट करता आले पाहिजेत. गणिताच्या शिक्षकांनी दोनचे घात आणि द्विमान पद्धती नीट शिकविली असेल, तर यात अवघड काही नाही.

एकाच जाळ्यातील यंत्रांना जोडणारी पेटी म्हणजे स्विच. गावातील प्रत्येक घर ओळखणाऱ्या पोस्टमनाप्रमाणे ती काम करते. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाण्यासाठी राउटर लागतो, आणि राउटर म्हणजे आळेफाटाच. त्याच्याजवळ दिशादर्शक पाट्या असतात : संगमनेर इकडे, माळशेज तिकडे. समजा, एखाद्या प्रवाशास नागपूरला जावयाचे आहे. फाट्यावर नागपूरची पाटी नाही. तरी जाणकार त्याला अहिल्यानगरच्या रस्त्याला लावतो, कारण पुढची वाट पुढचे लोक सांगतील. राउटरमध्येही ज्याची पाटी नाही अशा पत्त्यासाठी एक ठरावीक वाट नोंदलेली असते, तिला डिफॉल्ट रूट म्हणतात. पंचायतीतील संगणकाला बाहेरच्या जगाकडे नेणारा फाटा म्हणजे त्याचा डिफॉल्ट गेटवे. तो चुकीचा भरला, तर शेजारच्या टेबलावरचा छापयंत्र चालतो, पण शासनाचे संकेतस्थळ उघडत नाही.

आणखी दोन यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे. माणसाला नाव आठवते, दप्तराला आकडा लागतो. शेतकरी ‘विहिरीकडचे शेत’ म्हणतो, तलाठ्याच्या लेखी त्याचा गट क्रमांक असतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता काढून देणारी व्यवस्था म्हणजे डी.एन.एस. यंत्राला जाळ्यात शिरताच तात्पुरता पत्ता वाटणारी व्यवस्था म्हणजे डी.एच.सी.पी. या वाटणाऱ्याशी गाठ पडली नाही की अनेक संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. हे दोन आकडे पडद्यावर दिसले, तर दूरच्या सर्व्हरला दोष देण्याचे कारण नाही. बिघाड आपल्याच इमारतीत आहे.

बिघाडाचा माग

कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस ही प्रवेशपातळीची परीक्षा जगभर मान्य आहे. तिच्या जून २०२४ मध्ये लागू झालेल्या अभ्यासक्रमात पाच विभाग आहेत : संकल्पनांना २३ टक्के, उभारणीस २०, दैनंदिन चालविण्यास १९, सुरक्षिततेस १४ आणि बिघाड शोधण्यास २४. सर्वांत अधिक भार शेवटच्या विभागास दिला आहे, आणि तो योग्यच म्हणावयास हवा. सिस्कोची सी.सी.एन.ए. ही परीक्षा याहून खोल जाते आणि राउटर-स्विचच्या प्रत्यक्ष आज्ञा विचारते.

बिघाडाचा माग खालून वर घ्यावा, अशी पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणन संघटनेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सात थरांच्या आराखड्याचा पाया म्हणजे तार. प्रथम फायबरच्या पेटीवरील दिवे पाहावेत. एल.ओ.एस. हा तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही. रस्त्याच्या खोदाईत धागा तुटला असेल किंवा घडी पडली असेल. तेथे कंपनीलाच कळवावे लागते. दिवा ठीक असेल, तर तांब्याची तार तपासावी. तिच्या आठ तारांच्या चार जोड्या ठरलेल्या रंगक्रमाने बसवाव्या लागतात आणि लांबी १०० मीटरपेक्षा अधिक चालत नाही. शाळेच्या दोन इमारतींमध्ये याहून लांब तार ओढून मग ‘नेट हळू आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यानंतर पिंग ही आज्ञा द्यावी : प्रथम स्वतःच्या यंत्रास, मग गेटवेस, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यास. आकडी पत्त्याकडून उत्तर येते आणि नाव घालताच येत नाही, असे झाले तर संशय डी.एन.एस.वर घ्यावा. इतके सर्व सुरळीत असूनही शासनाचे संकेतस्थळ उघडत नसेल, तेव्हा ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार प्राप्त होतो.

सुरक्षिततेचा भार १४ टक्केच असला, तरी पंचायतीच्या संगणकात लोकांचे आधार क्रमांक असतात हे विसरता येत नाही. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे दप्तराच्या कपाटाला किल्ली लटकवून घरी जाणे होय. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेलाही काही ठिकाणी दिसतो!

अडचणी सांगितल्याच पाहिजेत. या परीक्षा मराठीतून होत नाहीत आणि त्यांचे शुल्क ग्रामीण कुटुंबास जड जाईल असेच असते. नेटवर्क प्लसला ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न येतात, १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७२० गुण लागतात आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. पूर्वशिक्षणाची सक्ती नाही, तरी नऊ ते बारा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव असावा अशी अपेक्षा असते. म्हणून दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रम अधिक परवडणारी पहिली पायरी ठरतो. साधनसामग्री नसणाऱ्यांस सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या विनामूल्य प्रणालीवर कागदी घोड्यांप्रमाणे राउटर जोडून सराव करता येतो.

सरपंच आणि मुख्याध्यापक यांना मात्र परीक्षेची वाट पाहण्याचे कारण नाही. फायबरची पेटी, राउटर, स्विच आणि प्रत्येक संगणक कोठे आहे, त्याचा पत्ता काय, कोणती तार कोठे जाते, जोडणी देणाऱ्या कंपनीचा तक्रार क्रमांक कोणता, एवढे एका कागदावर रेखाटून तो कागद पेटीच्या शेजारी लावावा. पासवर्ड त्यावर लिहू नये.