मातीचा विद्युद्भार आणि युरियाची गोणी

युरियाची ४५ किलोंची गोणी शेतांत फोकली म्हणजे सुमारें २१ किलो नत्र जमिनींत पडलें, असा हिशेब आमचे वाचक करितात. पडलें हें खरें. परंतु त्यांपैकीं राहिलें किती, हा प्रश्न निराळा. त्याचें उत्तर रसायनशास्त्राच्या एका प्राथमिक कल्पनेंत आहे. या अंकीं आम्ही तिचाच विचार करणार आहों.

घरांतील मीठ घ्या. पाण्यांत विरघळलें म्हणजे तें दिसेनासें होतें, पण नाहींसें होत नाहीं. त्याचे दोन भाग सुटे होतात. सोडियमवर धन विद्युद्भार असतो, क्लोराइडवर ऋण. अशा भारयुक्त कणांस आयन म्हणतात. विरुद्ध भार परस्परांस ओढतात, समान भार दूर लोटतात.

आतां मातीकडे वळूं. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून ती धन आयनांस धरून ठेविते. काळ्या जमिनींत चिकणमाती पुष्कळ, म्हणून पकडही मोठी. मुरमाड जमिनींत दोन्ही थोडीं.

या पकडीचा एक नामांकित प्रयोग जमीनदारानेंच केलेला आहे, हें सांगतांना आम्हांस संतोष वाटतो. इंग्लंडांतील यॉर्कशायरचे एच. एस. थॉम्प्सन यांनीं अमोनियम सल्फेटचें पाणी मातींतून गाळून पाहिलें. खालीं उतरलें तें जिप्समचें पाणी! मातीनें अमोनियम ठेवून घेतलें व त्याच्या बदल्यांत आपल्याजवळचें कॅल्शियम सोडलें. ऋणभारित सल्फेट त्याच्यासह वाहून आलें. ही हकीकत १८५० सालीं तेथील रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीं रसायनशास्त्रज्ञ जे. टी. वे यांनीं तोच विषय विस्तारानें मांडला. भाराची उपपत्ति मात्र पुष्कळ पुढें आली.

युरियाच्या रेणूवर भारच नसतो. तो घातल्याबरोबर जोराचा पाऊस आला, तर पाण्यासवें खालीं जातो. एरव्हीं मातींतील युरिएज नांवाच्या द्रव्यामुळें कांहीं दिवसांत त्याचें अमोनियम बनतें, आणि माती तें धरते. पण ही धरणूक कायमची नव्हे. मातींतील सूक्ष्म जंतु अमोनियमचें नायट्रेट करितात, आणि नायट्रेटवर तर ऋण भार! माती तें धरीत नाहीं. पाऊस तें मुळांखालीं नेतो, पुढें तें विहिरीच्या पाण्यांतही उतरतें. शेतांत पाणी तुंबलें, तर त्याच नायट्रेटचा कांहीं भाग वायुरूप होऊन उडून जातो.

काळ्या जमिनीची पकड मोठी खरी, पण ती बहुधा अल्कधर्मी असते. तिच्या पृष्ठभागावर युरिया उघडा राहिला, तर त्यापासून झालेल्या अमोनियमचा कांहीं अंश आपला भार टाकून अमोनिया वायु बनतो. सकाळीं बंद गोठ्याचें दार उघडतांच नाकास झोंबतो तोच हा. गोठ्यांत तो कळतो. उघड्या शेतांत वारा तो नेतो आणि कोणास पत्ता लागत नाहीं.

म्हणून युरिया एकदांच न देतां हप्त्यांनीं द्यावा, आणि वाफशावर पिकाच्या ओळीलगत घालून लागलीच मातीआड करावा. मुरमाड रानांत हप्ते अधिक व लहान असावे. त्या रानास शेणखतही अगोदर द्यावें, कारण कुजलेल्या शेणखताच्या अंशावरही ऋण भार असतो, आणि जेथें चिकणमाती नाहीं तेथें अमोनियम धरण्याचें काम त्यालाच करावें लागतें.