बटणाला काय द्यावे, हाताशी काय ठेवावे

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. तिथून आळे गावाकडे वळले की माझे टायपिंगचे दुकान लागते. सकाळी दाखल्यांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे, दुपारी सप्ताहाच्या आणि लग्नाच्या पत्रिका, कांदा बाजाराच्या दिवशी आडतीच्या पट्ट्या, असा माझा दिवस जातो. वीस वर्षे हेच काम केल्यावर उजवे मनगट रात्री ठणकू लागले. तेव्हा मी बारा बटणांचा आणि एका फिरत्या खुंटीचा छोटा मॅक्रोपॅड घेतला. एका बटणावर लांब मजकूर किंवा एकामागून एक दाबायच्या दहा-बारा कळा बसवता येतात. कामाप्रमाणे बटणांचे वेगवेगळे संच करता येतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. चार वर्षांत मी कितीतरी प्रोफाइल बनवली, बिघडवली आणि पुन्हा बनवली. त्यातून जे पदरात पडले, ते इथे मांडते.

१. आधी वही, मग बटण.
पॅड आणला त्याच रात्री मी बाराही बटणे भरून टाकली. आठवड्याने पाहिले तर त्यांतली जेमतेम चार वापरात होती. मग पॅड बाजूला ठेवला आणि कीबोर्डशेजारी वही ठेवली. जे शब्द पुन्हा पुन्हा टाइप होत, त्यांच्यापुढे रेघ मारत गेले. आठ दिवसांनी वहीत खरे चित्र दिसले. पत्रिकेत ‘ह.भ.प.’ आणि ‘काल्याचे कीर्तन’, प्रतिज्ञापत्रात ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की’, आणि सगळीकडे ‘ता. जुन्नर, जि. पुणे’. आपल्याला काय लागेल हे मनाला विचारू नये, वहीला विचारावे.

२. बटण अक्षर पाठवत नाही, जागा पाठवते.
हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. मी इनस्क्रिप्टवर टाइप करते. ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आखली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला येतात. ‘आळे’ लिहायला शिफ्टसह ई, शिफ्टसह एन आणि नुसता एस या कळा दाबाव्या लागतात. पॅड संगणकाला एवढेच सांगतो की अमुक जागेवरची कळ दाबली गेली. त्या जागेवर कोणते अक्षर आहे, हे संगणक ठरवतो. त्यामुळे संगणक इंग्रजीवर असताना मी गावाचे बटण दाबले, तर ‘आळे’ऐवजी ई, एन, एस ही तीन इंग्रजी अक्षरे उमटली. मला वाटले पॅडच बिघडला.

यावर दोन उपाय आहेत. भाषा बदलण्यासाठी वेगळे बटण ठेवायचे आणि मजकुराआधी ते दाबायची सवय लावायची, हा पहिला. ऑटोहॉटकीसारख्या प्रोग्रामला सांगून कळांऐवजी थेट युनिकोड अक्षरेच उमटवायची, हा दुसरा. ऑनलाइन अर्जांना दुसरा उपाय चांगला लागू पडतो. पण छपाईच्या पत्रिका आम्ही अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये करतो. तिथे थेट आलेली युनिकोड अक्षरे मोडतात, कळा पाठवल्या तरच मजकूर नीट उमटतो. म्हणून ‘अर्ज’ आणि ‘पत्रिका’ ही माझी दोन वेगळी प्रोफाइल आहेत. शब्द तेच असले, तरी ते पोचवायची वाट वेगळी आहे.

३. जे बदलत नाही, तेवढेच बटणाला द्यावे.
सुरुवातीला मी पूर्ण पत्ता एका बटणावर बसवला होता: ‘मु. पो. आळे, ता. जुन्नर, जि. पुणे, पिन ४१२४११’. माझी बरीच गिऱ्हाइके आळ्याचीच, म्हणून ते सोयीचे वाटले. एक दिवस बेल्ह्याच्या मावशींचा अर्ज भरताना सवयीने तेच बटण दाबले गेले. गावाचे नाव मी दुरुस्त केले, पण पिन तसाच राहिला. बेल्ह्याचा पिन ४१२४१०. शेवटच्या एका आकड्याचा फरक, डोळ्यांना दिसला नाही. मावशींना येणारे पत्र दुसरीकडे गेले आणि त्यांना दोन वेळा जुन्नरला हेलपाटा पडला. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण ती चूक माझी होती.

त्या दिवशी मी पत्त्याचे बटण मोडले. आता बटणावर फक्त ‘ता. जुन्नर, जि. पुणे’ आहे. गाव आणि पिन मी हाताने लिहिते, समोरच्याला विचारून.

४. शेवटी एंटर नको.
मजकुराच्या शेवटी एंटर जोडला की एक कळ वाचते, म्हणून मी तो काही बटणांवर बसवला होता. पण ऑनलाइन अर्जात एंटर म्हणजे कधीकधी ‘सादर करा’. एकदा निम्मा भरलेला अर्ज तसाच निघून गेला, आणि दुरुस्तीची सोय त्यात नव्हती. एंटर दाबणे म्हणजे सही करण्यासारखे आहे. ते बोटानेच दाबावे, तेही मजकूर वाचून झाल्यावर.

५. घाईला लगाम घालावा.
पॅड डोळ्याचे पाते लवायच्या आत पन्नास कळा पाठवतो. समोरचे पान तेवढ्या वेगाने उघडत नाही. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी यायला वेळ लागतो, आणि तोवर पुढची अक्षरे भलत्याच चौकटीत जाऊन पडतात. म्हणून दोन पायऱ्यांमध्ये थांबा टाकावा. तो मिलिसेकंदात मोजतात, हजार म्हणजे एक सेकंद. गावातल्या इंटरनेटचा वेग पाहून मी आठशे ठेवते. आणि आठ चौकटी ओलांडणारे एकच लांब बटण करण्यापेक्षा दोन-दोन चौकटींची छोटी बटणे करावीत. अर्जाचा नमुना बदलला, तर एकच बटण दुरुस्त करावे लागते.

६. हिशोब बटणात लपवू नये.
आमच्याकडे कांद्याचा भाव दहा किलोवर बोलला जातो आणि वजन किलोत लिहिले जाते. आडतीच्या कामासाठी केलेल्या ‘पट्टी’ प्रोफाइलमध्ये गोळा, गोल्टी, बदला हे कांद्याच्या प्रतींचे शब्द एकेका बटणावर आहेत, आणि खुंटी फिरवली की पुढच्या ओळीवर जाता येते. पण वजनाला दहाने भागायचे काम मी बटणाला कधीच दिले नाही. ते एक्सेलच्या रकान्यात उघडे ठेवले आहे. बटणात काय चालते ते शेतकऱ्याला दिसत नाही, रकान्यातले दिसते. ज्याच्या घामाचे पैसे आहेत, त्याला हिशोब पाहता यायलाच हवा.

७. गुपिते पॅडवर नकोत.
पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचे खाते यांतले काहीही बटणावर बसवू नये. बटण कोण दाबतो आहे, हे पॅडला कळत नाही. दुकानात बसलेले कुणाचेही लेकरू सहज हात लावते, आणि लिहायची जागा उघडी असेल तर गुपित पडद्यावर येते. लोक विश्वासाने कागद आपल्या हाती देतात. काम झाले की त्यांची माहिती त्यांच्याबरोबरच परत जायला हवी.

८. ठरावीक जागा सगळ्या प्रोफाइलमध्ये तीच असावी.
माझ्या पॅडवर वरचे डावे बटण सगळीकडे ‘भाषा बदला’, आणि खालचे उजवे सगळीकडे ‘मागे घ्या’. प्रोफाइल कोणतेही असो, ही दोन बटणे हलत नाहीत. पूर्वी मी त्यांच्या जागा बदलत असे, आणि घाईत भलतेच बटण दाबले जाई. बोटांची आठवण डोक्याच्या आठवणीपेक्षा पक्की असते. तिला एकदा दिलेला शब्द मोडू नये. प्रोफाइल तीनच ठेवली आहेत: अर्ज, पत्रिका, पट्टी. चौथे करून पाहिले, तेव्हा आपण कोणत्या प्रोफाइलमध्ये आहोत हे आठवण्यातच वेळ जाऊ लागला.

९. जतन करावे आणि शिकवावे.
पावसाळ्यात एका रात्री विजेचा दाब वाढला आणि संगणक जळाला. कळांचे संच पॅडच्याच आत साठवलेले होते, म्हणून ते वाचले. संगणकातल्या प्रोग्राममध्ये लिहिलेले सगळे मात्र गेले. आता प्रत्येक बदलानंतर प्रोफाइलची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवते, आणि कोणत्या बटणावर काय आहे हे त्याच जुन्या वहीत लिहिते. बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मी नसताना माझा भाचा दुकान सांभाळतो. त्याला त्या वाचून काम करता येते, मला फोन करावा लागत नाही.

आता माझे मनगट रात्री ठणकत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टाइप करण्यातला वाचलेला वेळ मी गिऱ्हाइकाला अर्ज वाचून दाखवण्यात घालवते. नाव, गाव, पिन, जन्मतारीख मी मोठ्याने वाचते आणि समोरचे आजोबा किंवा ताई मान हलवून होकार देतात. या यंत्राने मला दिलेली ही खरी कमाई आहे.

जे माझ्यासारखे दुसऱ्यांचे कागद टाइप करून पोट भरतात, त्यांना एकच विनंती आहे. असा पॅड जरूर घ्या, प्रोफाइल मन लावून बनवा आणि हातांना आराम द्या. पण सादर करण्याआधी प्रत्येक अर्ज एकदा वाचून दाखवा. बटण आपण दाबतो, पण अर्ज समोरच्या माणसाच्या नावाने जातो, आणि चूक झाली तर हेलपाटा त्यालाच पडतो.