धोरणापासून कायद्यापर्यंत : येलहंकाचा धडा

बंगळुरूच्या उत्तरेस असलेले येलहंका हे बंगळुरूपेक्षाही जुने गाव होय. येलहंकाचे नाडप्रभू केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बंगळुरूचा किल्ला आणि पेठ वसविली. पुढे शहर वाढत गेले आणि ज्या गावाने ते वसविले, तेच गाव त्याचे उपनगर झाले. आज येथे रेल्वेचा चाक कारखाना आहे, हवाई दलाचा तळ आहे आणि नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

येथील एखाद्या जुन्या घरमालकाने आपल्या घरपट्टीच्या पावत्या काढून पाहिल्या, तर एक गोष्ट सहज लक्षात येईल. घर तेच, रस्ता तोच. पण पावतीवरील संस्थेचे नाव अठरा वर्षांत दोनदा बदलले. २००७ पूर्वी तेथे येलहंका नगर परिषद होती, त्यानंतर बृहत् बंगळुरू महानगरपालिका आली आणि सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरू उत्तर महानगरपालिका आहे. हे बदल कसे घडले, हे पाहिले म्हणजे शासनाचा विचार कायद्याचे रूप कसे घेतो, ते नीट समजते.

अस्तित्वातील कायद्याखालील बदल

धोरण म्हणजे एखाद्या प्रश्नावर शासनाने ठरविलेली दिशा. ती अमलात आणण्यासाठी प्रत्येक वेळी नवा कायदा लागतोच असे नाही. पुष्कळदा अस्तित्वातील कायद्यानेच शासनाला अधिकार दिलेले असतात आणि अधिसूचना काढून काम भागते.

२००७ मध्ये नेमके असेच झाले. शहराभोवतालची वस्ती झपाट्याने वाढत होती; पाणी, रस्ते व कचरा यांची व्यवस्था मात्र अनेक लहान संस्थांत विभागलेली होती. सर्वांचा कारभार एका छत्राखाली आणावा, हे धोरण ठरले. महापालिकेची हद्द वाढविण्याचा अधिकार १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका अधिनियमात होताच. त्यानुसार आधी प्रारूप अधिसूचना निघाली, नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात आल्या आणि जानेवारी २००७ मध्ये अंतिम अधिसूचना प्रसिद्ध झाली. येलहंकासह सात नगर परिषदा, केंगेरीची लहान नगरपालिका आणि सुमारे ११० गावे महापालिकेत विलीन झाली. शहराची हद्द सुमारे ७०० चौरस किलोमीटरपर्यंत पोहोचली.

महाराष्ट्रातील वाचकांना ही पद्धत अपरिचित नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली, तीही अधिसूचनेनेच.

नव्या कायद्याची वाटचाल

एवढ्या मोठ्या शहराचा कारभार एकाच महापालिकेला झेपत नाही, अशी तक्रार लवकरच सुरू झाली. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी राज्याचे माजी मुख्य सचिव बी. एस. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. एका महापालिकेऐवजी अनेक महापालिका असाव्यात आणि त्यांच्यात समन्वय राखणारी एक वरिष्ठ संस्था असावी, अशी शिफारस या समितीने केली. तिचा अहवाल २०१८ मध्ये सादर झाला. परंतु समितीची शिफारस म्हणजे कायदा नव्हे. २०२० मध्ये विधिमंडळाने बंगळुरूसाठी जो स्वतंत्र कायदा केला, त्यात महापालिका एकच ठेवण्यात आली.

विभाजनाचा विचार पुन्हा पुढे आला तो २०२३ नंतर. धोरण ठरले की संबंधित खाते विधेयकाचा मसुदा तयार करते, विधी विभाग तो तपासतो आणि मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर तो विधिमंडळात जातो. त्याप्रमाणे बृहद् बंगळुरू प्रशासन विधेयक जुलै २०२४ मध्ये विधानसभेत मांडण्यात आले.

विधेयकाची सभागृहात तीन वाचने होतात. पहिल्या वाचनात ते मांडले जाते, दुसऱ्यात त्याच्या तत्त्वांवर व कलमांवर चर्चा होऊन दुरुस्त्या होतात आणि तिसऱ्यात अंतिम मतदान होते. विषय गुंतागुंतीचा असल्यास विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे सोपविता येते. येथे तसेच झाले. आमदार रिझवान अर्शद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नागरिकांची मतेही ऐकून घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. जास्तीत जास्त सात महापालिका असाव्यात, ही मर्यादा समितीच्या शिफारशींतूनच कायद्यात आली. मार्च २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले.

राज्यपालांचा प्रश्न

सभागृहांनी संमत केलेले विधेयक राज्यपालांच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० नुसार राज्यपाल संमती देऊ शकतात, विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात.

कर्नाटकाच्या राज्यपालांनी हे विधेयक स्पष्टीकरणासाठी शासनाकडे परत पाठविले. मुद्दा मूलभूत होता. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील नवे प्राधिकरण महापालिकांच्या वर आले, तर लोकांनी निवडलेल्या महापौराचे आणि नगरसेवकांचे अधिकार किती उरतील, असा आक्षेप घेतला जात होता. पाच-सहा संस्थांची ओढाताण थांबवून शहराचे एकत्रित नियोजन करणारी यंत्रणा हवी, ही शासनाची बाजू होती. शासनाच्या स्पष्टीकरणानंतर एप्रिल २०२५ मध्ये राज्यपालांनी संमती दिली आणि १५ मे २०२५ पासून कायदा अमलात आला.

कायद्यानंतरचे काम

राजपत्रात छापलेला कायदा हा केवळ आराखडा असतो. त्याला प्रत्यक्ष रूप येते ते नियम आणि अधिसूचना यांमधून. पाच महापालिकांच्या हद्दी ठरविणारी प्रारूप अधिसूचना जुलै २०२५ मध्ये निघाली. हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत देण्यात आली. त्यानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा पाच महापालिका अस्तित्वात आल्या. येलहंका उत्तर महापालिकेत गेले.

या साऱ्या वाटचालीत एक उणीव मात्र ठळकपणे जाणवते. बृहत् बंगळुरू महापालिकेची अखेरची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली आणि निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण व्हावी, असे घटनेच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये नमूद आहे. तरीही पाच वर्षांचा काळ प्रशासकांच्या कारभारात गेला. म्हणजेच शहराच्या रचनेचा एवढा मोठा निर्णय झाला, तेव्हा येलहंकाच्या रहिवाशांची बाजू महापालिकेत मांडणारा निर्वाचित नगरसेवकच नव्हता. अशा वेळी हरकतींची मुदत आणि समितीची सुनावणी यांचे मोल अधिकच वाढते.

ग्राहकांनी लक्षात घ्यावे असे काही

गृहकर्जाच्या कागदपत्रांत स्थानिक संस्थेच्या नोंदींना महत्त्व असते. कर्नाटकात मिळकतीच्या कर-नोंदीस ‘खाता’ म्हणतात. हद्द बदलली की अशा नोंदी नव्या संस्थेकडे जातात. खाता हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे. मालकी खरेदीखतादी दस्तांवरूनच ठरते. तथापि, खात्यावरील नाव किंवा क्षेत्रफळ चुकीचे असल्यास घर विकताना अथवा कर्ज घेताना अडचण येते. म्हणून जुन्या संस्थेच्या पावत्या व उतारे जपून ठेवावेत आणि हद्दबदलानंतर नव्या दप्तरातील नोंद पडताळून पाहावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे प्रारूप अधिसूचनेकडे लक्ष ठेवावे. हरकत लेखी असावी, मुदतीत द्यावी, ज्या कलमाविषयी आक्षेप आहे त्याचा क्रमांक लिहावा, सुचविलेला बदल नेमक्या शब्दांत मांडावा आणि पोच घ्यावी. प्रत्येक हरकत मान्य होतेच असे नाही. पण मुदत टळल्यानंतरच्या तक्रारीपेक्षा मुदतीत दिलेल्या एका पानाच्या अर्जाचे वजन निश्चितच अधिक असते.