चालत्या चित्रांतील खोली

कागद सपाट असतो, पडदाहि सपाट असतो. असें असून त्यांवरील चित्रांत झाड पुढें आणि डोंगर मागें आहे असें कधीं कधीं अगदीं स्पष्ट भासतें. हा भास कसा उत्पन्न होतो, आणि आपणांस तो घरच्या घरीं कसा करितां येईल, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

प्रथम एक लहानशी कृति करावी. नाकासमोर वीतभर अंतरावर बोट धरावें, आणि आधीं एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, समोरच्या भिंतीकडे पाहावें. बोट इकडून तिकडे उडी मारितें असें दिसेल. बोट तर जागचें हललें नाहीं! आपल्या दोन डोळ्यांमध्यें सुमारें अडीच इंचांचें अंतर असतें. म्हणून प्रत्येक डोळ्यास थोडें निराळें चित्र मिळतें, आणि त्या फरकावरून जवळ काय व दूर काय हें मेंदु ठरवितो. चार्ल्स व्हीटस्टन ह्या इंग्रज विद्वानानें हें १८३८ सालीं सप्रयोग मांडिलें. त्यानें एकाच वस्तूचीं दोन्ही डोळ्यांस दिसतील तशीं दोन चित्रें काढिलीं, आणि दोन आरशांच्या योगानें ज्या त्या डोळ्यास ज्याचें त्याचें चित्र दाखविलें. तत्क्षणीं त्या सपाट रेघा घनरूप दिसूं लागल्या. ह्या यंत्रास स्टीरिओस्कोप म्हणतात.

चित्र हालतें करण्याची युक्ति त्यापूर्वींच निघाली होती. बेल्जियममधील जोझेफ प्लॅटो ह्यानें १८३२ सालीं एका चकतीवर थोड्या थोड्या फरकाचीं चित्रें वर्तुळांत मांडिलीं, व फिरती चकती तिच्याच फटींतून आरशांत पाहिली. तेव्हां चित्रांतील मनुष्य जिवंतासारखा हालला. हा गृहस्थ पुढें आंधळा झाला, तरी त्याचें संशोधन थांबलें नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, आरसे किंवा कांचा न लावितां उघड्या डोळ्यांस खोली दिसेल काय? दिसेल, मात्र तेथें चित्रानें हाललें पाहिजे. आगगाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्यास हें ठाऊक आहे. रुळांजवळचे खांब धडाधड मागें पळतात, शेतें सावकाश सरकतात, डोंगर जवळजवळ स्थिर राहतो, आणि चंद्र तर आपल्याबरोबरच चालला आहे असें मुलांस वाटतें. जें जवळ तें अधिक सरकतें, जें दूर तें कमी.

अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने ह्याच्या चित्रशाळेनें ह्याच नियमावर एक उंच यंत्र उभारिलें. त्यांत कांचेचे थर एकाखालीं एक, मध्यें अंतर राखून बसविलेले असत. एका थरावर जवळचें झाड, त्याखालीं घर, सर्वांत तळाशीं आकाश. आणि कॅमेरा वरून खालीं पाही. प्रत्येक थर निरनिराळ्या प्रमाणानें सरकवून एकेक छायाचित्र घेत. कॅमेरा देखाव्यांत पुढें शिरल्यासारखा दिसला तरी चंद्र मोठा होत नसे. साध्या सपाट चित्रांत मात्र झाडाबरोबर चंद्रहि फुगे, आणि तेथेंच सोंग उघडें पडे. १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’ ह्या लघुपटांत हें यंत्र वापरलें गेलें. त्यापूर्वीं जर्मनींत लोटे रायनिगर ह्या बाईंनीं १९२६ सालच्या आपल्या छायाबाहुल्यांच्या चित्रपटांत कांचेच्या थरांचा उपयोग केला होता.

आपणांस एवढा खटाटोप नको. पातळ कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्या. खालच्या पट्टीवर मध्यें घर, पुढें झाड, मागें डोंगर काढावा. वरच्या पट्टीवर घर नेमकें त्याच जागीं गिरवावें. झाड दोन सुतें डावीकडे आणि डोंगर एक सूत उजवीकडे सरकवावा. झाड व डोंगर एकाच बाजूस सरकविल्यास फसगत होते. मग दोन्ही पट्ट्यांचे माथे एकत्र शिवावे, वरची पट्टी पेन्सिलीभोंवतीं गुंडाळावी, आणि पेन्सिल भराभर खालींवर फिरवावी. चित्रें आळीपाळीनें दिसतील, आणि आपण मान डोलावून घराकडे पाहत आहों असें वाटेल.

हल्लीं पुष्कळांच्या खिशांत फोन असतो. एक छायाचित्र काढून, फोन दोन-अडीच इंच उजवीकडे नेऊन, दुसरें काढावें. मधली एक वस्तु दोहोंत एकाच ठिकाणीं जुळवून तीं आळीपाळीनें दाखवावीं. मध्येंच शेळी हालली तर चित्र बिघडेल, म्हणून आरंभीं विहीर किंवा पार निवडावा. उघडझाप अति वेगाची नसावी; फेफरें येणाऱ्या कांहीं मनुष्यांस लुकलुकणारीं चित्रें अपाय करितात.

वर्गांत एका डोळ्यानें अधू असें मूल असल्यास स्टीरिओस्कोप त्याच्या उपयोगाचा नाहीं, कारण तेथें दोन्ही डोळे लागतात. त्यास तो हातीं दिल्यास तें केवळ ओशाळेल. परंतु पट्टीचें चित्र एका डोळ्यासहि पुरतें. असें मूल नित्य मान हालवूनच अंतर ओळखीत असतें, हें फार थोड्या शिक्षकांच्या ध्यानीं येतें. पेन्सिल प्रथम त्याच्याच हातीं द्यावी, आणि काय दिसतें तें इतरांनीं एक डोळा मिटून त्यास विचारावें.