आई-वडिलांच्या शुश्रूषेचा खर्च आणि जकात

रमजान जवळ आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या औषधांचा खर्च जकातीतून केला तर चालेल काय? उत्तर स्पष्ट आहे: नाही. गरजू आई-वडिलांचा उदरनिर्वाह, म्हणजे नफका, संततीवर वाजिब आहे. जे देणे आपल्यावर आधीच बंधनकारक आहे ते जकातीतून भागविणे म्हणजे जकात फिरवून स्वतःच्याच खिशात ठेवणे होय. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२३) अल्लाहच्या उपासनेला लागूनच माता-पित्यांशी सद्वर्तनाचा आदेश आला आहे, आणि तेथे त्यांच्या वार्धक्याचा खास उल्लेख आहे.

हा भार कोणी किती उचलावा? समजा, आई-वडील कोरेगावात, थोरला मुलगा पुण्यात, दुसरा आखाती देशात आणि मुलगी साताऱ्यात नोकरीस आहे. प्रत्यक्षात खर्च बहुधा गावात राहणाऱ्यावर पडतो आणि इतर जण ईदला येऊन जातात. हनफी फिक्हनुसार ऐपत असलेल्या मुला-मुलींवर नफका समान आहे; वारसाहक्कातील दोनास एक हे प्रमाण येथे लागू होत नाही. मात्र मुलीची ऐपत तिच्या स्वतःच्या मालमत्तेवरून पाहावी, पतीच्या नव्हे. सुनेवर सासू-सासऱ्यांची शुश्रूषा शरीअतने बंधन म्हणून लादलेली नाही. रात्र-रात्र जागून ती जे करते, तो तिचा एहसान आहे. तो हक्क म्हणून वसूल करून पुन्हा मदतनिसाच्या पगारास नकार देणारे पुत्र आपल्यात कमी नाहीत!

सरकारी साहाय्य जरूर घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. पण हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. घरी लागणारे मदतनीस, डायपर, रोजच्या गोळ्या हा वर्षानुवर्षांचा खर्च कुटुंबालाच करावा लागतो. म्हणून भावंडांनी दरमहाचा वाटा आधीच ठरवून लिहून ठेवावा.

ज्यांना संतती नाही, त्यांचे काय? हजरत उमर (रजि.) यांनी भीक मागणाऱ्या एका वृद्ध यहुदी गृहस्थास बैतुलमालमधून साहाय्य दिल्याचे व त्याचा जिझिया माफ केल्याचे इमाम अबू यूसुफ यांनी नोंदविले आहे. आपल्या मोहल्ल्यातील निराधार मुस्लिम वृद्ध जकातीस पात्र आहेत; गरजू काका, मावशी, भाऊही. मात्र हनफी मतानुसार जकातीची रक्कम घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून मदतनिसाचा पगार परस्पर चुकता करू नये. पैसे त्या वृद्धाच्या हाती द्यावेत, पगार तो देईल.